"फादर, विचारू का?"



काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात, धर्मशिक्षणाचा वर्ग सुटल्यावर आठवीतल्या एका मुलाने मला थांबवले. महिन्यापूर्वीच त्याचा मोठा भाऊ अपघातात गेला होता. देव चांगला आहे, तर त्याने हे का होऊ दिले, असे त्याला विचारायचे होते. मला पुढच्या मिस्साची घाई होती. "अशा शंका घेऊ नयेत, प्रार्थना कर," असे सांगून मी निघालो. पुढच्या रविवारी तो आला नाही. नंतरही कधी आला नाही.

लाज याची वाटते की मी तत्त्वज्ञानाचा पदवीधर! चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेप्रमाणे भावी धर्मगुरूला चार वर्षे ईशज्ञान आणि पूर्ण दोन वर्षे तत्त्वज्ञान शिकावे लागते. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस आम्ही तिथेच वाचला. देव आहे काय, हा प्रश्न घेतल्यावर तो आधी विरोधकाची बाजू मांडतो. त्यातला पहिलाच आक्षेप असा, की देव असीम चांगला असता तर जगात वाईट उरलेच नसते. म्हणजे त्या मुलाचाच प्रश्न! संताने त्याला पहिले स्थान दिले, मी त्याला दोन मिनिटे दिली नाहीत.

कोणी म्हणेल, जखऱ्याने देवदूताला प्रश्न विचारला आणि तो मुका झाला. खरे आहे. पण त्याच अध्यायात पवित्र मरियाही विचारते, हे कसे होईल? (लूक 1:34) तिला शिक्षा होत नाही, उत्तर मिळते. मला वाटते, जखऱ्याला खात्रीसाठी खूण हवी होती, मरियेला समजून घ्यायचे होते. प्रश्नामागचे मन पाहावे लागते, आणि त्यासाठी आधी प्रश्न ऐकावा लागतो.

आपल्या मराठीतच पाहा. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमधून 1579 साली गोव्यात आलेले येशूसंघीय. त्यांच्या ख्रिस्तपुराणाच्या आरंभी साष्टीतला एक ब्राह्मण पाद्रीगुरूंपुढे गाऱ्हाणे मांडतो: आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला दुसरी द्या. पाद्रीगुरू रागावले नाहीत. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ 1616 साली राचोलला छापला गेला. "गप्प बस, दोत्रीन पाठ कर" एवढ्यावर ते भागवू शकले असते.

आपल्या शिरवण्यात कोणी वसईचे, कोणी गोव्याचे, कोणी मराठवाड्याचे. घरापासून लांब, पाळ्यांची नोकरी, भाड्याची खोली. प्रश्न तर असणारच. येत्या रविवारी मिस्सानंतर मी अर्धा तास हॉलमध्ये बसणार आहे. मुलांनी यावे, आईवडिलांनीही यावे. बोलायला संकोच वाटत असेल तर चिठ्ठी लिहून द्या, नाव घालण्याची गरज नाही. सगळी उत्तरे माझ्याकडे असतील असे मात्र समजू नका.

तुमचा,
फादर