फीत कापल्यानंतर

सार्वजनिक जागांमधली कला आणि कलाकार्यक्रम आखण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. नगरपालिकांच्या भिंती, बसस्थानकं, बागा, तलावांचे काठ, वस्त्यांमधली समाजमंदिरं. या कामात सगळ्यांचं लक्ष उद्घाटनाच्या तारखेवर असतं. आखणी करायची असते ती त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनची, असं माझं ठाम मत झालं आहे. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी आणि फाइलवर सही करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी जे उपयोगी वाटतं, ते इथे लिहिते आहे.

१. आधी जागेवर जाऊन बसा.

सकाळी पाणी येतं तेव्हा, शाळा सुटते तेव्हा, आठवडी बाजाराच्या दिवशी आणि रात्री दिवे लागल्यावर. नकाशावर मोकळी दिसणारी जागा सहसा मोकळी नसते. तिथे कोणी रिक्षा लावतं, कोणी पापड वाळत घालतं, मुलं भिंतीवर कोळशाने स्टंप काढून खेळतात. आपण काहीही उभं केलं तरी यातल्या कोणाची तरी जागा जाणार असते, आणि ती कोणाची हे आधी कळायला हवं.

या बाबतीत मला न्यूयॉर्कमधलं ‘टिल्टेड आर्क’ हे शिल्प नेहमी आठवतं. रिचर्ड सेरा या मोठ्या शिल्पकाराची ही १२० फूट लांब आणि १२ फूट उंच वक्राकार पोलादी भिंत १९८१ मध्ये फेडरल प्लाझा या सरकारी कार्यालयांच्या चौकात उभी राहिली. चौकाचे दोन भाग झाले आणि रोज तिथून जाणाऱ्या कर्मचाऱ्यांना वळसा पडू लागला. तक्रारी वाढत गेल्या. १९८५ मध्ये जाहीर सुनावणी झाली. बोलणाऱ्यांतले बहुसंख्य शिल्प राहावं या मताचे होते, तरी ते काढायचं ठरलं आणि १९८९ मध्ये एका रात्रीत त्याचे तुकडे करून नेले. हे शिल्प याच जागेसाठी घडवलंय, हलवलं तर ते संपलं, असं सेरा शेवटपर्यंत सांगत होता. त्याचं म्हणणं मला पटतं, आणि वळसा घालून कंटाळलेल्या कारकुनाचंही पटतं. ती सुनावणी १९८१च्या आधी व्हायला हवी होती.

२. ‘इथे काय काढू?’ हा पहिला प्रश्न नको.

असं विचारलं की महाराज, विठोबा, उगवता सूर्य आणि झाडे लावा, एवढीच उत्तरं येतात. लोकांना कल्पना सुचत नाहीत असं नाही. बाहेरून आलेल्या माणसाला सभ्यपणे द्यायचं ते उत्तर असतं. त्याऐवजी विचारा: इथे पूर्वी काय होतं? काय गेल्याचं वाईट वाटतं? या कोपऱ्यावरून रात्री कोण जात नाही, आणि का? गिरणीचा भोंगा, बुजवलेली विहीर, तोडलेला पिंपळ, बंद पडलेलं टुरिंग टॉकीज अशी खरी सामग्री मग बाहेर येते.

बैठकीची वेळही विचार करून ठरवा. संध्याकाळी सातला मंडळाच्या कार्यालयात बैठक ठेवली की तिथे पुरुष येतात. बायकांशी बोलायचं तर दुपारी, जेवणं आटोपल्यावर, त्यांच्या ओट्यावर जावं लागतं. एकदा अशाच दुपारी एका आजींनी मला सांगितलं, “बाई, चित्र काढा हो, पण आधी बसायला काहीतरी करा, गुडघे दुखतात.” त्या प्रकल्पात भिंतीला टेकून एक लांब ओटा बांधला. त्यावर चिनीमातीच्या तुकड्यांची नक्षी केली आणि ती त्याच बायकांनी बसवली. इतक्या वापरात राहिलेलं काम माझ्या पाहण्यात दुसरं नाही.

३. रंगाआधी गळती.

घाटकोपरजवळच्या असल्फाची टेकडी २०१७-१८ च्या सुमारास स्वयंसेवकांनी रंगवली. मेट्रोतून जाताना ती रंगीत घरं दिसू लागली, देशभर फोटो गेले. ज्या वस्तीचं नाव मुंबईतही अनेकांना ठाऊक नव्हतं तिथे लोक कौतुकाने जाऊ लागले, हे मोलाचं आहे. त्याच वेळी एक प्रश्नही विचारला गेला: बाहेरची भिंत रंगली, आतल्या ओलीचं काय? हा प्रश्न प्रत्येक प्रकल्पाला लागू आहे. रंग कोणाच्या डोळ्यांसाठी आहे, गाडीतून जाणाऱ्याच्या की दार उघडून बाहेर येणाऱ्याच्या?

म्हणून माझ्या अंदाजपत्रकात किरकोळ दुरुस्त्यांचं कलम पहिलं असतं. गटारावरचं झाकण, एक दिवा, पायरीचा तुटलेला कोपरा. ‘हे कलेत बसत नाही’ असा शेरा येतो. चिकाटीने बसवून घ्यावं लागतं.

४. लोककलेकडे नक्षीचा साठा म्हणून पाहू नका.

स्वच्छ सर्वेक्षणाच्या निमित्ताने गावोगावी भिंती रंगल्या आणि त्यातल्या कितीतरी भिंतींवर वारली आकृत्या आल्या. त्यातल्या बहुतेक भिंती वारली माणसांनी रंगवलेल्या नव्हत्या. मला याचा मनापासून त्रास होतो. वारल्यांच्या घरात लग्नाचा चौक निघतो तो सुवासिनींच्या हातून, गेरूने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने. त्यात पालघाट देवी असते आणि धवलेरी गाणी म्हणत लग्न लावते. चित्र, गाणं आणि विधी एकमेकांत गुंतलेले असतात. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणि जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळालं. इतकं होऊनही निविदेत ‘वारली पेंटिंग, दर प्रति चौरस फूट’ असं लिहिलं जातं.

वारली चित्र हवं असेल तर डहाणू, तलासरी, जव्हारकडच्या चित्रकारांना बोलवा. प्रवास, मुक्काम आणि मानधन रंगाच्या खर्चाच्या वर लिहा, भिंतीवर त्यांचं नाव लिहा आणि विषय त्यांना ठरवू द्या. काही कलांना भिंत लागतच नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी ही चित्रं दाखवत कथा सांगण्याची कला आहे. तिच्यासाठी एक संध्याकाळ, एक चटई आणि ऐकणारी माणसं पुरतात.

५. ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे, त्यांनाही बोलवा.

फिलाडेल्फियात १९८४ मध्ये भिंती विद्रूप करणाऱ्या मुलांना आवरण्यासाठी महापालिकेने मोहीम काढली. जेन गोल्डन या चित्रकर्तीने त्याच मुलांना भित्तिचित्रांच्या कामावर घेतलं. पुढे त्यातूनच शहराचा भित्तिचित्र उपक्रम वाढला आणि आज तिथे हजारो चित्रं आहेत. आपल्याकडेही बागेत नावं कोरणारी, रात्री कट्ट्यावर बसणारी पोरं असतात. शिडी धरायला, चौकोन आखायला त्यांना घ्या. आपल्या हातची भिंत ती स्वतःच राखतात, चौकीदाराची गरज उरत नाही.

६. भिंत कोणाची, हे कागदावर हवं.

एकाच रस्त्यावर एक भिंत महापालिकेची असते, पुढची सार्वजनिक बांधकाम विभागाची, त्यापुढची रेल्वेची. रोहित्राभोवतीची महावितरणची. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध १९९५ चा कायदा आहे. तोंडी होकारावर काढलेलं चित्र त्याच्या कक्षेत येऊ शकतं. पुतळ्याची वाट वेगळी आहे, त्यासाठी मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते.

तारीख मात्र कोणत्याही समारंभाला बांधू नका. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचं अनावरण ४ डिसेंबर २०२३ रोजी झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. त्या दिवशी मराठी माणसाच्या जिवाला जे लागलं, ते मी कोणत्याही बैठकीत विसरू शकत नाही. सार्वजनिक कलाकृतीत लोकांचा जीव गुंतलेला असतो, म्हणून तिला लागेल तेवढा वेळ मिळालाच पाहिजे.

७. पावसाळ्याला विचारून ठरवा.

कोकणात आणि घाटमाथ्यावर भिंत दसऱ्यानंतरही आतून ओली असते. लोणा लागलेल्या भिंतीवर कितीही महाग रंग द्या, पोपडे निघणारच. पश्चिमेकडची भिंत सगळ्यात आधी उडते, भडक लाल आणि पिवळे लवकर फिके पडतात, गेरूसारखे मातीचे रंग टिकतात. देखभालीसाठी एकूण रकमेचा किमान दहावा हिस्सा बाजूला काढल्याशिवाय मी काम हातात घेत नाही.

८. कधीकधी काहीच उभं करू नका.

मुंबईत काळा घोडा हे नाव ज्या पुतळ्यावरून पडलं तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला गेला. आज तो राणीच्या बागेत आहे. स्वाराविना नवा घोडा चौकात आला तो २०१७ मध्ये. मधल्या अर्ध्या शतकात घोडा नव्हता, तरी नाव टिकलं आणि १९९९ पासून त्याच नावाने दर वर्षी कलामहोत्सव भरू लागला. माणसं पुन्हा पुन्हा एका ठिकाणी जमली की जागेला ओळख येते.

म्हणून निधी थोडा असेल तर मी वस्तूऐवजी वार ठरवायला सांगते. महिन्याचा पहिला रविवार, तीच वेळ, तोच पार. एकदा भारूड, एकदा मुलांची मातीकामाची शाळा, एकदा जुन्या फोटोंचं प्रदर्शन. पहिल्या काही वेळा गर्दी नसते आणि अधिकारी निराश होतात. वर्षभराचा निधी आधीच मंजूर करून घेतलेला असेल तर कार्यक्रम त्या निराशेतून तरतो.

९. कलाकृतीचा शेवटही आराखड्यात लिहा.

दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भव्य ब्राँझ भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकलं गेलं. त्याची हानी झाली, काही भाग हरवले. सहगल न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला: कलाकृती विकली तरी तिच्या सन्मानाशी कलावंताचं नातं संपत नाही. शिल्पाचे अवशेष त्यांना परत मिळाले, पाच लाखांची भरपाईही. या निकालाला कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाचा आधार होता.

रस्ते रुंद होतात, इमारती पाडल्या जातात, चित्रं जुनी होतात. त्यामुळे करारात मी काही गोष्टी आग्रहाने घालते. कलाकृती किमान किती वर्षं राहील, डागडुजी कोण करेल, काढायची वेळ आली तर कलावंताला आणि वस्तीला किती आधी कळवायचं, नीट छायाचित्रण कोणी करायचं, शिल्प असेल तर ते कुठे न्यायचं. हे सगळं एका पानात मावतं. चित्राचं कच्चं रेखाटन पुढे ठेवण्याआधी त्या पानावर मी सगळ्यांच्या सह्या घेते.