एकतर्फी मानलेले नाते : खानदेशातील दोन संहिता आणि श्रोत्याची जागा

मराठीत 'मानलेला भाऊ', 'मानलेली बहीण' असे शब्दप्रयोग रूढ आहेत. रक्ताचे नसलेले हे नाते उभयपक्षी संमतीने उभे राहते. त्याला भाऊबीज असते, चोळीबांगडी असते, रुसणे-फुगणेही असते. एकच बाजू मानते आणि दुसऱ्या बाजूस ज्याची वार्ताही नसते, अशा नात्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखक, कवयित्री, गायिका, नट आणि अलीकडे मोबाइलच्या पडद्यावर रोज भेटणारी एखादी व्यक्ती यांच्याविषयी असंख्य माणसांच्या मनात असे नाते वसत असते. महाविद्यालयात शिकविणाऱ्या बहुतेकांना हे परिचयाचे आहे. आपण त्याची बहुधा थट्टा करतो किंवा त्याकडे दुर्लक्ष करतो. साहित्याच्या अभ्यासकाला या दोन्ही गोष्टी परवडण्यासारख्या नाहीत, कारण हे नाते जुळविण्याची सामग्री त्याच्याच क्षेत्रातील आहे.

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकन अभ्यासकांनी 1956 साली एका मानसोपचारविषयक नियतकालिकात या प्रकाराची प्रथम पद्धतशीर मांडणी केली. नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि चित्रपट ही माध्यमे प्रेक्षकाला समोरासमोर भेटल्याचा भास देतात. कार्यक्रम सादर करणारी व्यक्ती प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलत असल्यासारखी बोलते आणि प्रेक्षकही मनातल्या मनात उत्तर देतो. या व्यवहाराला त्यांनी 'पॅरासोशल' असे नाव दिले. मराठीत त्यासाठी 'आभासी नाते' असा पर्याय सुचतो. परंतु तो मला पटत नाही. येथे भावना आभासी नसते, उणीव असते ती प्रतिसादाची. 'एकतर्फी' हा शब्द त्या मानाने नेमका आहे. दुर्दैवाने वृत्तपत्रांतील 'एकतर्फी प्रेमातून हल्ला' या मथळ्यांनी तो डागाळला आहे. तरीही तो येथे योजिला आहे, तो मुद्दाम 'मानलेले नाते' या शब्दांना जोडून. मानणे आणि मागणे यांत अंतर आहे. त्या मथळ्यांतील हिंसा मागण्यातून येते.

हॉर्टन-वोल यांच्या विवेचनात एका नभोवाणी कार्यक्रमाचे उदाहरण आहे. त्यात एक निनावी स्त्री एकाकी पुरुष श्रोत्याशी प्रेयसीच्या सुरात बोलत असे. ऐकणारे पुष्कळ होते, बोलणे मात्र एकालाच उद्देशून होते. वाङ्मयविचाराला ही रचना नवी नाही. संहितेत निवेदकाप्रमाणेच त्याचे ऐकणाऱ्याचीही एक जागा गृहीत असते. वोल्फगांग इझर यांची 'गर्भित वाचक' ही संकल्पना याच दिशेची आहे. वाचक त्या जागी जाऊन बसतो आणि तेथून त्याचे नाते सुरू होते. ही जागा कशी मांडलेली आहे, तेथे एकट्याने बसावयाचे की चारचौघांत, यावर त्या नात्याची प्रकृती ठरते असे मला वाटते. खानदेशातील दोन संहितांच्या आधारे हे पाहता येईल.

साने गुरुजी 1924 साली अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून आले आणि 1930 साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. या सहा वर्षांत वसतिगृहातील मुलांशी त्यांचे जे नाते जुळले ते पूर्णतः उभयपक्षी होते. त्या मुलांसाठी ते हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढीत. एकाच छताखाली राहणाऱ्या मुलांशीही त्यांना लिहून बोलावेसे वाटले, ही बाब त्यांच्या पुढील लेखनाच्या दृष्टीने सूचक आहे. 1932 मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळात दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि ती गुरुजींनी टिपून घेतली. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ त्यामुळे आपल्या हाती आला. स्वतः श्रोत्याच्या जागी बसण्याचा हा अनुभव घेतल्यानंतर पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1933 मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. या दोहोंत कार्यकारणभाव आहे असा माझा दावा नाही. परंतु रचनेतील साम्य डोळ्यांत भरणारे आहे.

'श्यामची आई'ची विभागणी प्रकरणांत नसून रात्रींत आहे. आश्रमातील प्रार्थनेनंतर श्याम सांगतो आणि मित्रमंडळी ऐकतात. मध्येच कोणी काही विचारतो, कोणी डोळे पुसतो. 1935 साली पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून वाचक या मंडळींत येऊन बसत आला आहे. येथे तो एकटा नाही हे महत्त्वाचे. श्यामच्या आईविषयी त्याला वाटणारी माया शेजारी बसलेल्या दुसऱ्यालाही वाटते आहे हे संहिताच त्याला दाखविते. ही आई माझी एकट्याची आहे असे म्हणण्यास तेथे वाव नाही.

ही आई पालगडची, कोकणातील, ब्राह्मण कुटुंबातील आहे. तिचे व्रतवैकल्यांचे आणि सोवळ्याओवळ्याचे जग तापीकाठच्या कुणबी, लेवा वा कोळी घरांतील मुलाचे नव्हे. तरीही तो तिला आई मानतो. एकतर्फी नात्याची ही मोठी शक्ती आहे, कारण ते जात आणि प्रदेश ओलांडते. त्याची किंमतही असते. आपल्या आईच्या बोलीचे, शेतावरील श्रमाचे पुस्तक आपल्याला का मिळाले नाही, हा प्रश्न अशा वाचकाला उशिराच पडतो. 1953 साली अत्रे यांनी या पुस्तकावर काढलेल्या चित्रपटात वनमाला यांनी आईची भूमिका केली. त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि त्या आईला एक ठरावीक चेहरा लाभला. पुस्तकातील आई ज्याची त्याने आपल्या घरातून उसनी आणलेली होती. पडद्याने ती सवलत काढून घेतली.

गुरुजींच्या पत्रांत श्रोत्याची जागा अधिक अरुंद होते. पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रे 'साधना' साप्ताहिकातून येत असत. संबोधन एका मुलीला, वाचणारे महाराष्ट्रभर. पत्रातील 'तू' म्हणजे आपणच, असे मानल्याखेरीज ती वाचताच येत नाहीत. मात्र सुधा नावाची खरी मुलगी वाचक आणि लेखक यांच्यामध्ये सतत उभी असते. आपण दुसऱ्याचे पत्र वाचीत आहोत ही जाणीव सुटत नाही, म्हणून जवळीक वाटली तरी हक्क सांगावासा वाटत नाही.

बहिणाबाईंचे उदाहरण याहून निराळे आहे. असोद्याला 1880 साली जन्मलेल्या या कवयित्रीचे जळगावात 3 डिसेंबर 1951 रोजी निधन झाले. चिरंजीव सोपानदेव यांच्यामुळे कविता अत्र्यांपर्यंत पोहोचल्या आणि 1952 साली त्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आल्या. म्हणजे ज्या दिवशी वाचकाने बहिणाबाईंना आपले मानले, त्या दिवशी त्या हयात नव्हत्या. प्रतिसादाची शक्यता मुळातच मावळलेली असताना जुळलेले हे नाते आहे. शिवाय या कविता वाचकाला उद्देशून नाहीत. त्या मनाशी, देवाशी, घरोट्याशी, शेतातील पिकाशी बोलतात. ते शेजघरातून कानी पडावे तसे आपण ऐकतो. येथेही मध्ये ऐकून टिपणारा मुलगा आहे. धुळ्याच्या तुरुंगात गुरुजी, चौधरीवाड्यात सोपानदेव : दोन्ही ठिकाणी वाचक बसतो ती जागा कोणा प्रत्यक्ष श्रोत्याने आधी ऊबदार केलेली आहे. बहिणाबाईंच्या नावातच नाते आहे, ही आणखी एक सोय. 2018 साली विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. पदवीच्या प्रमाणपत्रावर नात्याचा शब्द असण्याचे भाग्य फार विद्यापीठांना लाभलेले नाही.

लोकपरंपरेनेही एकतर्फी नात्याची व्यवस्था लावली होती. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने लेवून ती घरची बाई होते. भाऊबंद गोळा होतात, रोट होतात, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी तिला वाजतगाजत नदीवर पोहोचविले जाते. उत्तर न देणाऱ्या व्यक्तीवर जीव लावण्यास मुभा आहे, पण चारचौघांत आणि ठरावीक मुदतीत, निरोपही ठरलेला.

मोबाइलच्या पडद्याने बदल केला आहे तो येथे. 1952 पासून रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सादर करणाऱ्या अमीन सायानींचा आवाज घराघरांत आप्ताचा होता. पण तेथेही ऐकणारे अनेक आहेत हे संबोधनातच उघड असे. नभोवाणीवर फर्माइश पाठविणाऱ्याचे नाव वाचले जाई, तेही इतर दहा नावांबरोबर. आज पडद्यावरील व्यक्ती प्रत्येकाला खासगीत गाठते, हातातल्या हातात, पांघरुणाखालीसुद्धा. प्रत्यक्ष प्रक्षेपणात ती क्वचित एखाद्याचे नाव घेते, आणि त्या एका उच्चारावर उरलेले हजारो जण आपली पाळी येईल म्हणून थांबतात. प्रतिसादाची ही टांगती आशा पूर्वीच्या वाचकाला नव्हती. मृत बहिणाबाईंकडून कोणी पत्रोत्तराची अपेक्षा केली नाही.

पडद्यावरून जुळणारी सामान्य माणसांची नातीही याच सीमेवर असतात. जोसेफ वॉल्थर यांनी 1996 मध्ये दाखवून दिले की, केवळ लिखित मजकुरातून चाललेला संवाद कधी कधी समोरासमोरच्या संवादाहून अधिक जवळिकीचा होतो, कारण लिहिणारा स्वतःला निवडून मांडतो आणि वाचणारा रिकाम्या जागा आपल्या इच्छेने भरतो. कादंबरीच्या वाचकाला हे सांगावे लागू नये. फरक इतकाच की कादंबरीतील नायिका पैसे मागत नाही. अनोळखी नावाआडून प्रेम दाखवून लुबाडणारा भामटा नेमकी तीच श्रोत्याची जागा मांडून ठेवतो, आणि तेथे शेजारी कोणी बसणार नाही याची काळजी घेतो. 'हे कोणाला सांगू नकोस' हे त्याचे पहिले वाक्य असते.

या नात्याचा शेवट होतो तेव्हा काय होते, याचा विचार आपल्याकडे जवळजवळ झालेला नाही. शिरपूरच्या शिवाजीराव गिरधर पाटील यांची कन्या स्मिता पाटील 13 डिसेंबर 1986 रोजी वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेली. 11 जून 1950 रोजी साने गुरुजींनी स्वतःचे जीवन संपविले. अशा वेळी ज्यांनी त्यांना कधी पाहिले नाही त्यांच्या शोकाचे काय करावयाचे? केनेथ डोका यांनी 1989 साली समाजाची मान्यता नसलेल्या शोकाचा विचार मांडला. आपल्या भाषेत त्याला सुतक नसलेला शोक म्हणता येईल. सुतक नाही म्हणून सुट्टी नाही, दारात कोणी बसावयास येत नाही, आणि रडणाऱ्याला 'तुझी ती कोण लागते?' असे विचारले जाते. गुरुजींच्या वाचकांना निदान एकमेकांच्या गळ्यात पडता आले. त्यांच्या शाखा होत्या, कथामाला सुरू झाल्या. पडद्यावरील कलावंताच्या मृत्यूने हादरलेला वसतिगृहातील मुलगा हातातील यंत्राकडे पाहत एकटाच बसतो, आणि आपण त्याला हजेरी कमी भरल्याची चिठ्ठी देतो.

पदव्युत्तर वर्गांतून या विषयावर प्रकल्प करवून घेण्यास भरपूर वाव आहे. प्रारंभ सर्वनामांपासून करावा. सुधाला लिहिलेल्या पत्रांतील 'तू', श्यामच्या रात्रींतील 'मित्रांनो', बहिणाबाईंचे मनाला 'तू' म्हणणे आणि आज अहिराणीतून पडद्यावर बोलणाऱ्या कलावंतांचे संबोधन शेजारी शेजारी ठेवून, त्यातील एकवचन कोठे खरे आहे आणि कोठे अनेकांना एकेकटे करण्यासाठी वापरलेले आहे, हे विद्यार्थ्यांनी स्वतः तपासावे. यासाठी लागणारी संहिता त्यांच्या खिशातच आहे.