फुकट नंबर काढणारे

तालुक्याच्या बसस्टँडसमोर एखादा नवा ऑप्टोमेट्रिस्ट दुकान थाटतो, तेव्हा बोर्डावर नावाखाली हमखास एक ओळ असते: ‘कॉम्प्युटरवर डोळ्यांची मोफत तपासणी’. आमच्या व्यवसायात सगळ्यात महाग पडणारी ओळ हीच. इंटर्नशिप धरून चार वर्षं घालवून जे कौशल्य कमावलं, ते तो पहिल्याच दिवशी फुकट जाहीर करतो आणि पोटापाण्यासाठी फ्रेमवर विसंबतो. फ्रेम तर शेजारचा मोबाइलवालाही ठेवतो.

पुढचं गणित मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे. साठीतले, मधुमेह असलेले आजोबा येतात. तपासायला अर्धा तास जातो. कितीही काचा बदलल्या तरी चार्टवरची पुढची ओळ वाचता येत नाही, म्हणजे दुखणं नंबरचं नाही, पडद्याचं असावं. त्यांना नेत्रतज्ज्ञाकडे पाठवायचं, एवढंच करणं योग्य. पण तपासणी मोफत आणि चष्मा विकला गेला नाही, म्हणजे गल्ल्यात शून्य. महिन्याअखेरीस भाडं डोक्यावर आलं की हाच सज्जन मुलगा पाव नंबरचा चष्माही ‘लावून बघा, बरं वाटेल’ म्हणत गळ्यात मारू लागतो. ‘तुम्हाला चष्म्याची गरज नाही’ हे वाक्य ज्याला परवडत नाही, त्यानं तपासायला बसू नये.

म्हणून आधी फी ठरवावी. 50 रुपये का असेनात, पण घ्यावेत, आणि त्या बदल्यात नंबर नीट कागदावर लिहून द्यावा. चष्मा कुठून घ्यायचा, हे पेशंटनं ठरवावं.

यावर नव्यांचा ठरलेला आक्षेप असतो: गरिबांकडून पैसे कसे घ्यायचे? पुढाऱ्याचा वाढदिवस आला की मोफत शिबिर असतंच, मग आपल्याकडे कोण येणार? शिबिर एका दिवसात उठतं आणि चष्म्याचा नंबर दोन वर्षांनी बदलतो, हे त्याचं एक उत्तर. दुसरं उत्तर मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाचं. 1976 मध्ये डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी 11 खाटांवर सुरू केलेल्या या संस्थेची ओळख गरिबांवरच्या मोफत शस्त्रक्रियांमुळे झाली. तरीही 2004 पासून तिनं खेडोपाडी उघडलेल्या दृष्टी केंद्रांत तपासणीची अगदी किरकोळ का होईना, फी घेतली जाते. तिथली प्रशिक्षित मुलगी डोळे तपासते आणि मुख्य रुग्णालयातले डॉक्टर व्हिडिओवरून पेशंटशी बोलतात. ज्या संस्थेमागे एवढं मोठं रुग्णालय उभं आहे तीही फी घेते, आणि एकट्या माणसानं कर्ज काढून टाकलेलं दुकान मात्र फुकटावर चालावं, ही अपेक्षाच चुकीची.

शिवाय चष्मा हा गरिबाच्या कमाईचा भाग असतो. आसाममधल्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांवर झालेला एक अभ्यास 2018 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. साधा जवळचा चष्मा मिळालेल्यांची पानं खुडण्याची कामगिरी, तो न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे 22 टक्क्यांनी वर गेली. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायका, शिंपी, सोनार, तांदूळ निवडणाऱ्या या सगळ्यांना हे अभ्यासाशिवायही कळतं. अशा गिऱ्हाइकाला महागडी फ्रेम दाखवू नये, चाळिशी दाखवावी, आणि दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा असेल तर रस्त्यावरची तयार चाळिशी का चालणार नाही, तेही सांगावं.

कर्जाचं बोललो तर यंत्रांचंही बोलायला हवं. ऑटोरिफ्रॅक्टोमीटर काउंटरवर दिसला की लोकांना भारी वाटतं, म्हणून मुद्रा कर्जाचा मोठा वाटा त्यातच जातो. लहान मुलं मात्र यंत्रात बघताना जवळ बघितल्यासारखा डोळ्यावर जोर देतात आणि यंत्र मायनसचा नंबर वाढवून दाखवतं. चांगला रेटिनोस्कोप, ट्रायल सेट आणि तो वापरणारा हात यावर तालुक्याचं बरंचसं काम भागतं. चार्ट सहा मीटरवर लागतो आणि गाळा तेवढा लांब नसतो, तेव्हा तीन मीटरवर आरसा लावायचा. वीज जाणारच, त्यामुळे इन्व्हर्टर यंत्राच्या आधी घ्यावा.

माल ठेवण्याचं वेळापत्रक आठवडी बाजार ठरवतो. बाजारादिवशी नंबर काढलेला माणूस पुढच्या बाजारालाच गावात येतो, तोपर्यंत चष्मा तयार नसेल तर त्याची आणखी एक खेप वाया जाते. म्हणून नेहमीच्या नंबरच्या काचा दुकानात असाव्यात, सिलिंडरच्या मागवाव्यात. बीडकडून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास निघतात आणि पोरंही सोबत जातात. मुकादमाची उचल हातात असते ती त्याच्या आधी. तपासणीसाठी त्यांना गाठायचे दिवस तेच.

लोक ‘डॉक्टर’ म्हणतील; बोर्डावर ऑप्टोमेट्रिस्टच लिहावं. 2021 च्या केंद्रीय कायद्यानं या व्यवसायाला वैधानिक ओळख दिली आहे, उसन्या बिरुदाची गरज नाही. गाडीच्या लायसन्सच्या ‘1-अ’ फॉर्मवर सही मागायला माणसं येतात. ती नोंदणीकृत डॉक्टरांनीच करायची असते. आणि डोळ्याला ज्वारीचं पातं लागलेला शेतकरी लाल डोळा घेऊन आला, तर स्टेरॉइडचे थेंब देण्याचा मोह जिवावरचा. बुरशीची जखम त्यानं बळावते आणि बुबुळ जातं. त्याला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे धाडावं.

म्हणूनच ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याशी ओळख दुकानाच्या उद्घाटनाआधी करून घ्यावी. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया कोणत्या वारी, कुठे होतात, हे विचारून ठेवावं आणि पेशंटच्या हाती चिठ्ठी द्यावी. शस्त्रक्रियेनंतर साधारण महिना-दीड महिन्यानं नंबर स्थिरावतो. तेव्हा तोच माणूस चिठ्ठी घेऊन परत येतो, फी देतो, आणि बहुतेक वेळा बायकोलाही दाखवायला आणतो.