पावडरच्या दुधाची चिठ्ठी घेण्याआधी

लेकीला चौथा महिना लागला आणि तिचं वजन पूर्वीइतक्या झपाट्याने वाढेना. बाटलीवर वाढणाऱ्या शेजारच्या बाळाशी घरात तुलना सुरू झाली. ‘तुझं दूध तिला पुरत नाही,’ हे उठता-बसता ऐकू येऊ लागलं. त्यातच दवाखान्यात, मागच्या वेळी स्वेटर-दुपट्यासकट तोललेल्या पोरीला या वेळी उघडं तोललं, तेही दुसऱ्याच काट्यावर. वाढ अर्थातच कमी भरली आणि पावडरच्या दुधाची चिठ्ठी हातात पडली. शू किती वेळा होते, बाळ स्तन नीट तोंडात घेतं का, हे कुणी विचारलंही नाही.

पुढे व्हायचं तेच झालं. बाटलीने पोट भरल्यावर ती अंगावर कमी ओढू लागली. बाळ जितकं ओढतं तितकंच दूध तयार होतं, त्यामुळे माझं दूध खरोखरच आटू लागलं. अखेर अंगणवाडीताईंनी माता-बाल संरक्षण कार्डावर आधीची सगळी वजनं मांडून दाखवली. लेकीची रेषा छापील रेषांना समांतर, शांतपणे वर चालली होती. ती पहिल्यापासूनच बारीक चणीची होती, इतकंच. तिला वारंवार, विशेषतः रात्री, अंगावर घेत दूध पुन्हा वाढवलं, पण ते दिवस फार कष्टाचे गेले.

कार्डावरच्या त्या रेषा जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली प्रसिद्ध केल्या. सहा देशांतल्या, आपल्या दिल्लीतल्यासुद्धा, आईच्या दुधावर वाढणाऱ्या मुलांच्या मोजमापांवरून त्या काढल्या आहेत. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. पहिले तीन महिने दिवसाला 25 ते 30 ग्रॅम वाढ होते, नंतर वेग कमी होतो, आणि अंगावर पिणाऱ्या बाळांत हा फरक जास्त जाणवतो. पाचव्या महिन्याच्या सुमाराला जन्माच्या वजनाची दुप्पट आणि वर्षाला तिप्पट झाली की काळजी नको. एकाच दिवसाच्या आकड्यावरून काही ठरवू नका. त्याच काट्यावर, उघड्या अंगाने घेतलेली तीन-चार वजनं एकत्र पाहा.

मात्र ‘बारीक चण आहे’ म्हणून खरा त्रासही अंगावर काढू नका. दोन आठवडे उलटूनही जन्माचं वजन भरून आलं नाही, पहिल्या आठवड्यानंतरही दिवसाला सहापेक्षा कमी वेळा शू होते, बाळ सुस्त पडून राहतं, पिताना झोपी जातं किंवा रेषा सपाट होऊन खाली वळते, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अनेकदा अडचण बाळाने स्तन अर्धवटच तोंडात घेण्याची असते आणि जाणत्या परिचारिकेच्या मदतीने ती सुटते. काही बाळांना वरचं दूध लागतंही. तेव्हा ते जरूर द्या, पण सोबत अंगावर पाजणं चालू ठेवा.

आणि बायांनो, बाळ हसतंय, खेळतंय, भरपूर शू करतंय, तरीही कुणी पावडरची चिठ्ठी लिहू लागलं, तर आधी कार्ड पुढे करा आणि रेषा काढून दाखवायला सांगा.