उन्हाळाभर चांदवडला राहावे का?

प्रश्न : निवृत्तीनंतर पुण्यातून निघून एक उन्हाळा डोंगराकडेच्या लहान गावात काढायचा आहे. चांदवड कसे वाटते?
– एक वाचक, पुणे

उत्तर : जरूर राहा, पण थंड हवेचे ठिकाण समजून येऊ नका. सातमाळा डोंगररांगेच्या कुशीतला हा तालुका अवर्षणप्रवण आहे. खोली ठरवताना भाड्याआधी पाण्याची चौकशी करा : नळ किती दिवसांनी येतो, साठवायला टाकी आहे का?

मुक्काम एप्रिलच्या सुरुवातीलाच हलवा. तेव्हा उन्हाळ कांद्याची काढणी चालू असते. पात कापलेला कांदा चाळीत भरतात. चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला आणि भिंतींना फटी असतात, कारण वारा खेळला नाही तर कांदा सडतो. शेतकऱ्याला विचारून हे जवळून पाहा.

चंद्रेश्वर किंवा इंद्राई किल्ल्याची चढाई पहाटे उरका, दुपारी घरातच थांबा. होळकरांच्या रंगमहालातले लाकडी कोरीवकाम आणि रेणुकामातेचे मंदिर सावकाश पाहा. मनमाड जंक्शन सुमारे 25 किलोमीटरवर आहे, त्यामुळे येणे-जाणे सोपे. रोज एकाच दुकानातून भाजी घ्या. ओळख वाढते आणि गाव आपले होते.