रेडिओ दीर्घिकांचे नकाशे आणि खोडदची दुर्बीण

हंस तारकासमूहात ‘सिग्नस ए’ नावाचा एक प्रखर रेडिओस्रोत आहे. १९५३ साली इंग्लंडमधील जॉड्रेल बँक येथे जेनिसन आणि मृणालकुमार दासगुप्त या भारतीय संशोधकाने दाखवून दिले, की हा एक ठिपका नसून मध्यावरील दीर्घिकेच्या दोन बाजूंना पसरलेल्या दोन पाळ्या आहेत. दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवराजवळून विरुद्ध दिशांना झोत निघतात आणि लक्षावधी प्रकाशवर्षे दूर जाऊन या पाळ्या फुगवतात, हे पुढे उलगडले.

अशा रचनेचा नकाशा काढायचा, तर एक तबकडी पुरत नाही. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. चौदा मध्यभागी दाटीने आणि सोळा तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरपर्यंत विखुरलेल्या. कोणत्याही दोन तबकड्यांची जोडी नकाशाचा एक अंश पुरवते; अशा ४३५ जोड्या होतात. पृथ्वी फिरत असल्याने प्रत्येक जोडीची दिशाही तासागणिक बदलते. २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर ही दुर्बीण सुमारे दोन विकलांपर्यंतचा तपशील वेगळा दाखवते, म्हणजे दोन किलोमीटरवरचे रुपयाचे नाणे. तबकडीचा पृष्ठभाग पोलादी तारांच्या जाळीचा आहे. तरंगलांबीच्या मानाने जाळीची छिद्रे फार लहान असल्याने लहरी परावर्तित होतात आणि वारा मात्र आरपार जातो. काटकसर आणि बुद्धिमत्ता यांचा इतका सुंदर मेळ क्वचितच दिसतो. (याच तालुक्यातील डोंगरांत प्राचीन बौद्ध लेणी आहेत, सहलीला गेलेल्यांनी दोन्ही पाहावीत.)

नकाशा तेजाचा असतो, तसा ध्रुवीकरणाचाही. हा शब्द येथे राजकारणातील अर्थाने नाही. चुंबकीय क्षेत्राभोवती गिरक्या घेणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांपासून निघणाऱ्या लहरींचे कंपन एका ठरावीक दिशेत अधिक असते. ती दिशा मोजली, की पाळीतील चुंबकीय क्षेत्र कसे पसरले आहे ते समजते. मात्र वाटेतील चुंबकित, आयनीभूत वायू ती दिशा फिरवतो. हे फिरणे तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असते: तरंगलांबी दुप्पट, तर फिरणे चौपट. शेजारच्या किरणांच्या दिशा निरनिराळ्या कोनांत फिरल्या, तर त्या एकमेकींना खोडतात आणि ध्रुवीकरण क्षीण होते.

या क्षीणतेनेच एक जुना वाद मिटवण्यास मदत केली. पुष्कळ रेडिओस्रोतांत पाळ्या दोन, पण झोत एकाच बाजूला दिसतो. दुसरा नसतोच, की आपल्याकडे येणारा झोत प्रकाशाच्या जवळपास वेगामुळे अधिक तेजस्वी भासतो आणि दूर जाणारा मंदावतो? दुसरे खरे असेल, तर झोत दिसणारी बाजू आपल्याला जवळची असली पाहिजे, आणि दूरच्या पाळीच्या लहरींना दीर्घिकेभोवतीचा अधिक तप्त वायू ओलांडावा लागला पाहिजे. १९८८ साली लेंग आणि गॅरिंग्टन यांच्या लेखांनी दाखवले, की झोत नसलेल्या बाजूचेच ध्रुवीकरण अधिक क्षीण होते. सपाट चित्रातून खोली वाचता आली!

दीर्घ तरंगलांबीवर दिशा इतकी फिरते, की विरळ वायूचाही माग लागतो. म्हणूनच मीटरतरंगांची दुर्बीण मोलाची, आणि अवघडही. कारण आपल्याच वातावरणाचा आयनांबर ती दिशा थोडी फिरवतो, आणि तो हिशेब आधी वजा करावा लागतो.