डबल स्नोड्रॉप : सुके कंद नकोत

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. बागेत डबल स्नोड्रॉपसाठी सुके कंद आणावेत का?

उत्तर : शक्यतो नकोत. या कंदाची साल पातळ. दुकानात पडून तो आतून वाळतो आणि अनेकदा उगवतच नाही. त्याऐवजी फुले ओसरल्यावर, पाने हिरवी असतानाच काढलेले कंद घ्या. पानझडी झाडाखाली, ओल धरणाऱ्या पण पाणी न साचणाऱ्या मातीत 8-10 सेंटीमीटर खोल लावा. अशा वेळी काढताना मुळे तुटतात, हा आक्षेप खराच. पण मातीसकट उचलून लगेच लावले तर झाड सावरते, वाळलेला कंद सावरत नाही. ‘फ्लोरे प्लेनो’ ही जुनी डबल जात बी धरत नाही, मग पसरेल कशी? कंदाला बाजूने पिल्ले फुटतात. ठोंब दाटला, की 3-4 वर्षांनी फोडून पुन्हा लावा; बागही भरेल आणि शेजाऱ्यांनाही देता येतील.